सूपभर कोंड्याला विकलेली मुलगी

आधीच सांगून टाकते — मी जन्मभर नर्स म्हणून नोकरी केली. देवचार-बिवचार मला कधी दिसला नाही, आणि दिसलाच असता तर आधी त्याचा ताप बघितला असता. तेव्हा 'म्हातारीला भास झाला' म्हणणाऱ्यांनी जरा दम धरावा. हे घडलं तेव्हा मी म्हातारी नव्हते, नुकती मॅट्रिक झालेली पोर होते.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरीच. माझं गाव मालवणच्या खाडीपलीकडे. शाळेसाठी मी मालवणात आत्याकडे राहायचे. मुंबईला नर्सिंगमध्ये नंबर लागत होता, पण जन्माचा दाखला हवा होता, आणि मुदत संपत आल्याने मी कचेरीत गेले त्याच दिवशीच्या टपालात तो पडायला हवा होता. बाबा बोटीवर खलाशी. जाताना बजावून गेले होते — प्रवेश मिळाला तर जा, नाहीतर ठरवलेल्या स्थळाला हो म्हण. स्थळ वाईट नव्हतं हो... पण मला नर्सच व्हायचं होतं.

मामलेदार कचेरीतल्या कारकुनाने मान वर न करताच सांगितलं, "नोंद नाही."

असणार कशी? माझ्या आधीची भावंडं पाचवीसुद्धा न बघता गेलेली. म्हणून मी जन्मले तशी आईने मला आमच्या सुइणीला, सगुणाआयेला, विकलं. सूपभर कोंडा घेऊन! आमच्याकडची जुनी रीत ती — मूल दुसऱ्याचं झालं की मरणाची नजर चुकते. जरा मोठं झालं की तेवढाच कोंडा देऊन परत घ्यायचं. आता विकलेल्या मुलीची वर्दी पोलीस पाटलाला कोण देणार? बाबांनी दिली नाही, सगुणाआयेच्या डोक्यातही आलं नाही. आणि मला परत घ्यायच्या आधीच आई तापाने गेली. ते तसंच राहिलं.

"बाळंतपणाला हजर असलेलं माणूस आणा, जबानी घेतो. पण कचेरी बंद व्हायच्या आत," कारकून म्हणाला.

खाडी ओलांडून जाऊन यायचं म्हणजे संध्याकाळच. मी कचेरीच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले. सोबत आलेली आत्या म्हणाली, "रडान काय होतला? ऊठ, घराक चल."

...आणि फाटकातून सगुणाआय येताना दिसली. हिरवं लुगडं, कमरेला पानाची चंची, चालणं नेहमीसारखं तुरुतुरु. "खंय आसा गो तुझो सायब?" म्हणत ती सरळ आत.

कारकुनाने जन्माचा दिवस विचारला. ती म्हणाली, "नारळी पुनव. लोक दर्यात नारळ सोडून परतत होते, तेवा ह्या चेडू पयला रडला. माझ्या हातार." त्याने जुनं पंचांग काढून तारीख बसवली, तिचा अंगठा घेतला. दाखला मिळाला!

बाहेर आत्याने तिला गुळाच्या खाज्याची पुडी घेऊन दिली. "तुका कोणी सांगल्यान गो?"

"सांगूक कित्याक होया?" ती हसली. मी टपाल गाठायला धावले, परत येईपर्यंत ती निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी लुगडं घेऊन आम्ही दोघी होडीने गेलो. दारात तिची सून. आत्याने विचारलं, "सगुणा खंय?"

"खंय आसतली? शिमग्यात अंगावरसून वारा गेला, तेवापासून खाटीर पडान आसा. कूस बदलूक पण माका उचलूची लागता."

आत्या होडीवाल्याला विचारायला तशीच मागे वळली.

मी आत गेले. सगुणाआयेची एक बाजू पार लुळी पडली होती. उशाशी खाज्याची पुडी. सून म्हणाली, "ह्या खाजा कोणी हाडून दिल्यान, काय कळणा नाय."

सगुणाआय वाकड्या तोंडाने हसली. शब्द जड येत होते. "गावलो दाखलो?"

"आये, तू इलंस कशी?"

"तुझो कोंडो मी दिलंय. तुका परत घेवक कोण इलो? ...मगे कचेरीत आवस जातली नाय तर कोण?"

आवस म्हणजे आई. मी तिच्या कुशीत डोकं घातलं. आईचा वास मला आठवत नाही, पण तिच्या लुगड्याचा, पानाचा तो वास अजून आठवतो.

ती दिवाळीच्या आधी गेली. मी मुंबईत होते, बातमीसुद्धा उशिरा कळली.

पुढे नोकरीत अर्धांगवायूचे रुग्ण कितीतरी पाहिले. तसा पाय उठून होडीत चढत नाही. दुसरीच कोणी बाई असेल म्हणावं, तर आत्या तिला वर्षानुवर्षं ओळखायची. होडीवाला म्हणाला, त्याने तिला नेलंच नव्हतं. मला उत्तर सापडलेलं नाही, तुम्हाला सापडलं तर सांगा.

बाबा पुढे एकदा म्हणाले होते, सगुणाच्या घरी सूपभर कोंडा देऊन येऊ, रीत पुरी होईल. मी त्यांना जाऊ दिलं नाही.