बाकाला वाट

चहा उभ्यानेच प्यायचा. फोनवरच्या माणसालाही हातवारे करून दाखवायचे. घरी जाताना हटकून दुसऱ्याच्या चपला घालायच्या. हसू आवरेना की आधी खुर्ची शोधायची.

अशा आमच्या बाई. कॉलेजात अभिनय शिकवायच्या. मी साहित्याची पदवीधर, त्यांची धाकटी मैत्रीण. वर्गात नुसती बघत बसायचे.

वर्गात पुस्तक नव्हतं. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने नुसत्या टाळ्यांनी त्याला खोलीभर फिरवायचं. प्राचार्यांना हा धिंगाणा खुपायचा.

"बाई, मुलं शिकताना दिसत नाहीत."

"शिकताना दिसली की समजा, नट वाया गेला."

सुट्टीनंतर आलो, तर खोलीत मोडकी बाकं छतापर्यंत रचलेली. खोली आता अडगळीची, वर्ग बंद, असा प्राचार्यांचा निरोप होता.

बाईंनी बाह्या सरसावल्या. "चला पोरांनो, आज वजन शिकू."

दोघांनी एक बाक व्हरांड्यात न्यायचं. मग परत येऊन तेच बाक, बाक न घेता, तसंच न्यायचं.

"अरे, पिसं उचलतोयस का? पाठ कुठे गेली तुझी?"

गलका ऐकून प्राचार्य वर आले. समोरून दोन मुली रिकाम्या हातांनी, धापा टाकत येत होत्या.

"सर, बाजूला! पाय सापडेल!"

सर भिंतीला चिकटले. पोटसुद्धा आत घेतलं. मुली पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "नसलेल्या बाकाला वाट दिलीत सर. असलेल्या वर्गाला पण द्या."

"उद्या सगळी बाकं आत दिसली पाहिजेत!"

"उद्या उरलेलीही बाहेर दिसतील."

ते तणतणत गेले. आम्ही पुढचं बाक उचललं. एक टोक बाईंच्या हातात, दुसरं माझ्या. दारात पोचलो आणि घंटा झाली.

"ठेव गं. उद्या नेऊ."

त्या रात्री बाई झोपेतच गेल्या. मला अजून ते खरं वाटत नाही.

सकाळी शिपाईकाका कुलूप घेऊन आले. बाक दारात तसंच, दोन पाय आत, दोन बाहेर. काका वाकले. दोन्ही हात लावले, दात-ओठ खाल्ले, कण्हले.

"हलत नाही," म्हणाले. "सरांना सांगतो, फार जड आहे."

पोर एका हाताने सरकवेल, असं ते बाक.

दार लागलेलं नाही. आतली बरीच बाकं अजून बाहेर न्यायची आहेत.