खंडेनवमीच्या ताटातलं कार्ड

हिंदुराव यांच्याकडे एक निळी फाईल आहे. तीन वर्षांत क्रेडिट कार्डाची जेवढी मासिक स्टेटमेंट आली, तेवढी सगळी तिच्यात भोकं पाडून तारखेनुसार लावलेली आहेत. एकही महिना गहाळ नाही. प्रत्येक कागदाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत शेरे आहेत: ‘पेट्रोल, पॉइंट नाही’, ‘घरभाडे, पॉइंट नाही, वर एक टक्का आकार’, ‘किराणा, बरोबर’. दोन ठिकाणी बँकेने खरेदीवरचे बक्षिसाचे पॉइंट कमी दिल्याचं त्यांनी हुडकून काढलं होतं आणि पत्र लिहून ते वसूलही केले होते. बँकेची उत्तरं त्याच फाईलमध्ये आहेत.

विट्याजवळच्या खेड्यातून ते भोसरीत आले त्याला सव्वीस वर्षं झाली. लक्ष्मणरावांच्या वर्कशॉपच्या टूलरूममध्ये ते सरफेस ग्राइंडरवर, धातू घासून सपाट करणाऱ्या यंत्रावर, काम करतात. एमआयडीसी येण्याआधी जिथे लक्ष्मणरावांच्या वडिलांची ज्वारी उभी राहत असे, तिथेच आज त्यांची शेड आहे. सगळे लक्ष्मणरावांना अण्णा म्हणतात. या शेडमध्ये हिंदुरावांनी मापलेला जॉब दुसऱ्यांदा मापला जात नाही. मायक्रॉनमध्ये विचार करायची सवय लागलेल्या माणसाच्या हाती क्रेडिट कार्ड पडलं, तेव्हा त्याने त्याचंही माप काढलं यात नवल नव्हतं. बँकेच्या वस्तूंच्या यादीतून मिक्सर किंवा ट्रॉली बॅग घेतली तर एका पॉइंटला जेमतेम वीस पैसे मिळतात. बिलात वळते केले तर पंचवीस. तेच पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवून, भाडं चढलेलं असताना तिकीट काढलं तर रुपयाच्याही वर. हे गणित त्यांनी पहिल्याच वर्षी मांडलं आणि त्यानंतर एकही पॉइंट खर्च केला नाही. बिल मात्र दर महिन्याला मुदतीच्या चार दिवस आधी पूर्ण भरायचं, हा त्यांचा नियम. व्याज एकदा लागलं की पॉइंटांचं सगळं सोंग उघडं पडतं, असं ते म्हणतात.

शेडमधल्या माणसांनाही त्यांनी कामाला लावलं होतं. कोणाला टायर घ्यायचे असोत, कोणाला मुलाची सायकल, खरेदी हिंदुरावांच्या कार्डावर व्हायची आणि पैसे त्याच दिवशी त्यांच्या खात्यात यायचे. सीएनसी यंत्रावर काम करणारा गणराज त्यांना विचारायचा, “हिंदुदादा, या पॉइंटांचं लोणचं घालणार का? मुरले असतील आता.”

पॉइंट कशासाठी मुरत ठेवले होते ते गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात ठरलं. त्यांची मुलगी स्वप्नाली लग्नानंतर जमशेदपूरला असते. तिला सहावा महिना संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही तिची आणि तिच्या आईची, सुमनताईंची इच्छा. पण तीस तासांचा रेल्वेप्रवास डॉक्टरांनी साफ नाकारला. रांचीपर्यंत मोटारीने आणि तिथून विमानाने, तेही ऑक्टोबर संपायच्या आत, एवढीच वाट उरली. ती मुदत हुकली तर बाळंतपण तिकडेच होणार होतं. तिला एकटीला आणायचं नाही म्हणून आई इकडून जाणार आणि दोघी मिळून परतणार: एकूण तीन तिकिटं. दिवाळीच्या तोंडावर तिन्हींचं भाडं अडतीस हजार चारशे होतं. म्हणजे हिंदुरावांच्या पगाराहून जास्त. दवाखान्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम होती. तिला हात लावायचा नाही, असं सुमनताईंनी बजावलं होतं.

पॉइंटांत हीच तिकिटं प्रत्येकी नऊ हजारांना मिळत होती. लागणार सत्तावीस हजार. हिंदुरावांपाशी सतरा हजार नऊशे चाळीस. मात्र त्याच वर्षी बँकेने नवी सवलत आणली होती. कार्डाच्या वर्षात दोन लाखांची खरेदी पूर्ण झाली, तर दहा हजार पॉइंट जादा. त्यांच्या कार्डाचं वर्ष एक ऑक्टोबरला संपत होतं. पेट्रोल, भाडं वगळून त्यांची बेरीज एकोणतीस सप्टेंबरला दोन लाख तीनशे एकोणपन्नास झाली. समासात त्यांनी लिहिलं: ‘पुरे झाले.’ त्या संध्याकाळी त्यांनी स्वप्नालीला फोन करून बॅग भरायला सांगितलं.

एक ऑक्टोबरला खंडेनवमी होती.

भोसरीच्या शेडमध्ये खंडेनवमी म्हणजे वर्षातला एकमेव दिवस, ज्या दिवशी यंत्रं पुसून, धुऊन, झेंडूच्या माळा घालून गप्प उभी असतात. व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने, छिन्न्या असं सगळं एका मोठ्या ताटात मांडलं जातं. हळदकुंकू लागलं की ती हत्यारं दसऱ्याच्या सकाळच्या पूजेपर्यंत कोणी उचलायची नाहीत. या नियमाचे राखणदार हिंदुरावच. काही वर्षांपूर्वी चाकणच्या कंपनीची गाडी ऐन पूजेनंतर तातडीच्या मालासाठी आली होती. अण्णांच्या पुतण्याने, कुलदीपने, ताटातला पाना उचलला, तेव्हा हिंदुरावांनी तो त्याच्या हातातून काढून परत ठेवला. गाडी रिकामी गेली. ते काम नंतर दुसऱ्या शेडला मिळालं. अण्णा त्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण शेडमध्ये हे कोणी विसरलेलंही नाही.

त्या दिवशी ताट मांडताना गणराज म्हणाला, की हिंदुदादांचं खरं हत्यार तर त्यांच्या खिशात आहे. माणसं हसली. हिंदुराव हसले नाहीत. ज्याच्यावर तीन वर्षं मेहनत घेतली, जे लेकीला घरी आणणार, ते हत्यार नाही तर काय, असा त्यांनी विचार केला असावा. त्यांनी पाकिटातून कार्ड काढलं आणि मायक्रोमीटरशेजारी ठेवलं. अण्णांनी त्याच्यावरही हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नारळ फुटला, पेढे वाटले गेले.

अकरा वाजून सात मिनिटांनी हिंदुरावांच्या फोनवर बँकेचा निरोप आला. तो त्यांनी जपून ठेवला आहे. कार्डावर तेरा हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये परत जमा झाले होते.

त्यांनी तो दोनदा वाचला. मग गणराजकडे पाहिलं.

गणराजने आठ दिवसांपूर्वी त्यांच्या कार्डावर फोन घेतला होता. फोन तापत होता म्हणून त्याने तो परत पाठवला. परतीची रक्कम आली की हिंदुदादा आपल्याला देतीलच, तेव्हा सांगू, असं त्याने ठरवलं होतं. परत आलेली रक्कम खरेदीतून वजा होते, हे त्याच्या गावीही नव्हतं. दोन लाख तीनशे एकोणपन्नासचे एक लाख शहाऐंशी हजार तीनशे पन्नास झाले होते. तेरा हजार सहाशे पन्नास कमी. मुदत त्याच दिवसाची. कार्ड ताटात.

गणराजचा चेहरा उतरला. तो म्हणाला, की आत्ता चौकातल्या दुकानात जाऊ, तोच फोन पुन्हा घेऊ, दुसरा घेऊ, काहीही घेऊ. पण कार्ड लागणार होतं. हिंदुरावांनी कार्डाचा नंबर कुठल्याही दुकानाच्या ॲपमध्ये साठवू दिलेला नव्हता, आणि स्टेटमेंटवर शेवटचे चारच आकडे असतात. ताटात नंबर वाचता आला असता, पण पाठीवरचे तीन गुप्त आकडे कार्ड उचलल्याशिवाय दिसणार नव्हते. ज्या सावधपणाने तीन वर्षं राखलं, त्यानेच आता दार लावून घेतलं होतं.

काय झालं ते अण्णांना कळायला वेळ लागला नाही. ते उठून ताटापाशी आले.

“उचल,” ते म्हणाले. “पोरीचं काम हाय. मी बघितलं न्हाई.”

“अण्णा,” हिंदुराव म्हणाले, “त्या वेळी मी बघितलं होतं.”

कुलदीप तिथेच उभा होता. गणराज मात्र चिडला. देव काय कार्डमशीन धरून बसलाय का, असं काहीसं तो पुटपुटला. अण्णांनी त्याला हाताने गप्प केलं आणि एवढंच म्हणाले, की याच माणसाने आमची गाडी रिकामी धाडली होती, आता समजलं ना, का धाडली ती.

हिंदुराव शेडबाहेर, स्क्रॅपच्या ढिगापाशी गेले आणि पुनावळ्याला घरी फोन लावला. आधी त्यांनी सुमनताईंना हिशेब सांगितला, मग चूक कोणाची ते सांगितलं: गणराजची नाही, आपलीच. मुदत उलटायच्या आत बेरीज ‘पुरे’ म्हणून बंद केली. तिकिटं होणार नाहीत. स्वप्नालीला तूच सांग, मला जमायचं नाही.

सुमनताईंनी आकडा पुन्हा विचारला.

“किती कमी म्हणालात?”

“तेरा हजार सहाशे पन्नास.”

“आणि त्या बँकेनं माझ्या नावाचं एक कार्ड पाठवलं होतं, ते चालेल का?”

बँकेने सुरुवातीलाच एक ॲड-ऑन, म्हणजे त्याच खात्यावरचं जोड कार्ड फुकट दिलं होतं, हे खरं. त्याच्यावरची खरेदी मुख्य कार्डाच्याच बेरजेत धरतात. नियमांच्या छापील पानावर त्या ओळीखाली हिंदुरावांनी स्वतःच रेघ मारली आहे. पण कुठल्या दुकानात पॉइंट मिळतात आणि कुठल्या नाही हे सुमनला समजणार नाही, असं धरून त्यांनी ते पाकीट तिच्या हाती दिलं होतं ते कपाटात ठेवण्यापुरतं. त्यानंतर ते त्यांच्या हिशेबातूनच गेलं होतं.

“त्याला पिन लागतो, सुमन. तो तयार करावा लागतो.”

“केलाय. समोरच्यांची दिव्या आहे ना, तिला घेऊन गेले होते एटीएमवर. तीन वर्षं झाली त्याला. कधी लागलं तर, म्हणून.”

“मला बोलली नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

हिंदुरावांना एवढ्यातही आपला दुसरा नियम आठवला. केवळ पॉइंटांसाठी नको ती वस्तू घ्यायची नाही, असं ते सांगू लागले. सुमनताईंनी त्यांना मध्येच थांबवलं.

“गिझर बंद पडून चार महिने झाले. सवलत येईल, सवलत येईल म्हणून तुम्ही थांबलाय. बाळंतिणीचं पाणी काय पॉइंटांवर तापवू? ठेवा फोन.”

पुढचं सुमनताईंच्या सांगण्यावरून आणि पावतीवरून जुळवावं लागतं. दुकानात पाच मिनिटं लागली, असं त्या म्हणतात. फोनची वेळ आणि पावतीची वेळ यांत मात्र सव्वा तासाचं अंतर आहे. दिव्या सोबत होती. पुनावळ्याच्या मुख्य रस्त्यावरच्या दुकानात त्यांनी पंचवीस लिटरचा गिझर पसंत केला आणि बाळंतिणीसाठी एक जाड गादी. दोन्ही मिळून चौदा हजार शंभर. काम तिथेच झालं होतं. पण किंमत ऐकून जशीच्या तशी मोजायची हे सुमनताईंना आयुष्यात कधी जमलेलं नाही. त्यांनी घासाघीस सुरू केली. दुकानदार सणाचा दिवस म्हणून एकेक पायरी उतरत गेला, आणि तेरा हजार चारशेवर सौदा पटला. त्यांचा विजय झाला होता. तेवढ्यात दिव्याने त्यांची बाही ओढली.

“काकू, अडीचशे कमी पडले.”

दुकानदाराने सोडलेले सातशे रुपये त्याला ‘परत घ्या’ म्हणायची वेळ गिऱ्हाइकावर यावी, असा प्रसंग त्याच्या गल्ल्यावर पहिलाच असेल. सुमनताईंनी तसं केलं नाही. मिळवलेले सातशे परत देणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांनी काचेच्या कपाटात नजर फिरवली आणि विजेवर तापणारी शेकाची पिशवी काढायला लावली. दोनशे ऐंशी रुपये. तिच्यावर त्यांनी घासाघीस केली नाही.

एकूण तेरा हजार सहाशे ऐंशी. एक वाजून दोन मिनिटांनी कार्ड मशीनमध्ये गेलं, सुमनताईंनी मशीनवर हाताचा आडोसा धरून पिन दाबला, आणि बेरीज दोन लाख तीस रुपये झाली. निरोप हिंदुरावांच्या फोनवर गेला, कारण नंबर त्यांचाच नोंदलेला. शेडमध्ये तेव्हा जेवणं चालली होती. त्यांनी फोन आधी गणराजच्या हातात दिला. गणराजने वाचलं, मान हलवली आणि म्हणाला, “हिंदुदादा, वहिनींना टूलरूममध्ये घ्या. टॉलरन्समध्ये बसवलं बघा, तीस रुपयांचाच फरक.”

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाल्यावर हिंदुरावांनी ताटातून कार्ड उचललं. आकड्यांच्या खाचांत कुंकू बसलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही. अजूनही पुसलेलं नाही.

जादा पॉइंट सात ऑक्टोबरला जमा झाले. त्याच दिवशी तिकिटं निघाली. सत्तावीस हजार पॉइंट आणि करापोटी तीन हजार रुपये, म्हणजे एका पॉइंटला एक रुपया एकतीस पैसे. हा आकडा हिंदुरावांनी फाईलमध्ये चौकटीत लिहिला आहे आणि भागाकारही शेजारी मांडला आहे. तो बरोबर आहे. नऊशे चाळीस पॉइंट उरले, आणि त्यांचं काय करायचं ते सुमनताई ठरवतील, अशी नोंद खाली आहे. पंचवीस ऑक्टोबरला मायलेकी पुण्याच्या विमानतळावर उतरल्या. विमानात पाणी फुकट होतं का, हे हिंदुरावांनी विचारलं, असं स्वप्नाली सांगते. ते हे नाकारतात.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्वप्नालीला मुलगी झाली. पुनावळ्याच्या त्यांच्या एका खोलीच्या घरात आता गादी भिंतीकडेला पसरलेली असते. पहाटे गिझर लागतो, आणि स्वप्नालीच्या कमरेखाली शेकाची पिशवी असते.

ऑक्टोबरच्या स्टेटमेंटला ती दुकानाची पावती टाचलेली आहे. गिझरपुढे हिंदुरावांची बरोबरची खूण आहे, गादीपुढेही आहे. शेकाच्या पिशवीपुढे, दोनशे ऐंशीच्या आकड्याशेजारी, त्यांनी तेव्हा लिहिलं होतं: ‘अनावश्यक?’ त्या शब्दावर आता शाईच्या पेनाने एक सरळ आडवी रेघ आहे. पूर्ण फाईलमध्ये शाईने केलेली दुरुस्ती एवढीच.