साफ केला

कपाट आवरताना ती फ्लॉपी हाती लागली आणि डोकं पुन्हा तापलं. नव्वदच्या दशकात मी अंबरनाथच्या एका कंपनीत प्रोग्रामर होते. काळ्या स्क्रीनवर कमांड टाकली की फाईलमधला हवा तो शब्द शोधून देणारा एक प्रोग्राम तिथे होता. चालायचा नीट, पण आत नुसता गुंता, कंस कुठेही, ओळी कशाही. एसीच्या गारठ्यात शाल गुंडाळून तीन दिवस मी एकेक ओळ सरळ केली, कंसाखाली कंस आणला. साहेबांनी प्रिंटआउट चाळला, वरचं माझं आडनाव वाचलं आणि सगळ्यांसमोर हसत म्हणाले, “वा! साफसफाई तुम्हा लोकांच्या रक्तातच असते.” दोघं-तिघं फिस्सकन हसले. मी जागेवर आले, नीट केलेली फाईल फ्लॉपीवर घेतली आणि मशीनवर जुना गुंता परत टाकला. महिन्याभराने त्यात बदल करायला बसलेले साहेब स्वतःच अडकले. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, “मॅडम, तुम्ही नीट केलेला प्रोग्राम कुठे गेला?” मी म्हटलं, “साफ केला, सर.” त्यांचा चेहरा पडला. पण ते बोलले होते सगळ्यांसमोर आणि मी बोलले दार लोटून, याचाच राग आज जास्त येतो.