शेवटच्या वळणावरचे लाल दिवे

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या त्या माणसाला सगळे भिंगवाला म्हणत. आणि या भिंगवाल्याच्या घरचा मॉनिटर इतका धुरकट होता की त्याच्या बायकोने तो एकदा ओल्या फडक्याने पुसून पाहिला होता. काही फरक पडला नाही. दिवसभर दुनियेच्या चष्म्यांचे नंबर सांभाळणारा माणूस घरी त्या अंधुक पडद्याला नाक लावून मोटारींच्या शर्यती खेळतो, यावर तिने इतके विनोद केले होते की आता तिचं तिलाच हसू येत नसे.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत दुकान त्याचं स्वतःचं होतं. मग दुकानाची इमारत पाडायला काढली, मनासारखी दुसरी जागा मिळेना, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी तो दुसऱ्याच्या दुकानात मागच्या खोलीत जाऊन बसला. तेव्हा त्याने बोलणंच टाकलं. फोन वाजायचा आणि तो नुसता बघत राहायचा. दुसऱ्या शहरात मोटार ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या त्याच्या ताईने महिनाभर फोन केले, आणि शेवटी त्याच्या बायकोकडे निरोप ठेवला, "त्याला म्हणावं, तो गाड्यांचा खेळ मीही घेतलाय. रविवारी सकाळी दहाला बस. धूळ चारते की नाही बघ."

ताईने त्याला आयुष्यभर धूळच चारली होती. कॅरममध्ये, पोहण्यात, शाळेच्या मार्कांत, झालंच तर भांडणातसुद्धा. पण या खेळात उलटं झालं. पहिल्याच रविवारी तो जिंकला आणि मग जिंकतच राहिला. दरवेळी शेवटच्या वळणापर्यंत ताई पुढे असायची. त्या वळणावर झाडं फार, प्रेक्षक फार, त्यामुळे त्याच्या कॉम्प्युटरला धाप लागायची. चित्र अडखळायचं, क्षणभर थिजायचं, आणि पुन्हा चालू व्हायचं तेव्हा याची गाडी पुढे असायची. "ते वळण आपलं आहे," तो बायकोला सांगायचा. जिंकल्यावर गडी खुशीत यायचा आणि ताईशी घटकाभर बोलत बसायचा. दुकान गेलं होतं, पाटी गेली होती, पण हे वळण त्याचं होतं. सोमवारी त्या मागच्या खोलीत तो शिरायचा तो त्याच्याच जोरावर.

म्हणून त्याने ठरवलं की आता नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं, आणि सोबत नवा मॉनिटरही. ताईला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं.

"कशाला?" ताई म्हणाली. "जुन्यात काय वाईट चाललंय तुझं?"

"अगं, चित्र अडकतं माझं. न अडकता खेळलो तर किती पुढे जाईन विचार कर."

"अरे बारक्या, डोळ्यांना त्रास होतो त्या मोठ्या पडद्यांनी."

"हे तू मला सांगतेस? चष्मेवाल्याला?" तो हसला. "घाबरलीस, एवढंच सांग ना सरळ."

ताईने घाईने विषय बदलला. ताई आणि माघार! त्याची कॉलर ताठ झाली.

शनिवारी दुपारी त्याने कॉम्प्युटरचं कॅबिनेट जेवणाच्या टेबलावर आडवं पाडलं. चष्म्याच्या काड्या आवळायचे त्याचे नाजूक पेचकस त्या स्क्रूंपुढे कुचकामी ठरले, तेव्हा बायकोने शिवणयंत्राच्या खणातला जाडा पेचकस आणून दिला. आतून धुळीची अख्खी गादी निघाली. जुनं कार्ड सुटलं. नवं मात्र एवढं लांब की कॅबिनेटच्या आतली जाळीदार पट्टी काढल्याशिवाय आत जाईना. शेवटी ते खाचेत कट्कन बसलं, विजेच्या पिना लागल्या, मॉनिटर उभा राहिला.

"जेवायचं कुठे आज?" बायकोने विचारलं.

"उभ्याने," तो म्हणाला. तिनेही ताटं खरंच ओट्यावर वाढली.

आणि रविवारी दहाला काय व्हावं? मॉनिटर दाराएवढा, पण चित्र तेच. तसंच अडखळणारं, तसंच थिजणारं. तो जिंकला, नेहमीच्याच वळणावर, पण तोंड पडलं होतं.

"सांगितलं होतं तुला," ताई म्हणाली. जीव भांड्यात पडावा तसा तिचा आवाज होता. त्याला वाटलं, हरली तरी बरी खुशीत आहे ही.

बुधवारी एक आजीबाई दुकानात तावातावाने आल्या. नव्या चष्म्याने कणभर फरक पडला नाही म्हणे. दुकानाच्या मालकाने त्यांना मागच्या खोलीत धाडलं. भिंगवाल्याने चष्मा हातात घेतला आणि हळूच म्हणाला, "आजी, हा जुना आहे. नवा तुमच्या पिशवीत, डबीतच आहे."

आजीबाई हसल्या. तोही हसला, आणि हसता हसता थांबला. संध्याकाळी घरी गेल्या गेल्या बॅटरी घेऊन तो टेबलाखाली शिरला. मॉनिटरची वायर त्याने नव्या कार्डात लावायच्या ऐवजी वरच्या, मदरबोर्डच्या भोकात खुपसली होती. नवं कार्ड खाली चार दिवस रिकामं बसून होतं. बायको इतकी हसली की तिला खुर्ची लागली.

पुढच्या रविवारी मात्र पडदा असा लख्ख होता की रस्त्यावरचे खडे मोजावेत. शेवटचं वळण आलं. ताई पुढे होती. या वेळी चित्र थिजलं नाही. झाडं सरसर मागे गेली, आणि त्याला ताईच्या गाडीचे मागचे लाल दिवे स्वच्छ दिसले. ते पेटले. वळण अजून लांब होतं, समोर कोणी नव्हतं, तरी पेटले. ताईची गाडी मंदावली, अलगद बाजूला सरकली, आणि तिने त्याला वाट दिली.

तो जिंकला.

"काय रे, गप्प का?" ताईने विचारलं.

"डोकं दुखतंय," म्हणून त्याने कॉल बंद केला.

त्याला राग आला, त्याहून जास्त लाज वाटली. तीन वर्षं! बायकोला किती वेळा ऐकवलं होतं त्याने त्या वळणाचं कौतुक. ताईच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत तिच्या सीटपुढेही एक ब्रेक होता, शिकवणाऱ्याचा. "मी दाबला हे शिकणाऱ्याला कळता कामा नये," ती अभिमानाने सांगायची. हे आठवून तर त्याला जेवण जाईना. आठवडाभर दुकानात तो मान खाली घालून काचा घासत राहिला. दोनदा ताईचा फोन आला. दोन्ही वेळा तो फोनकडे बघत राहिला. बायकोने ते पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "पुन्हा तसं नको हं करूस."

रविवारी दहाला तो बसला. बोलला नाही, खेळला. शेवटचं वळण आलं, ताईचे लाल दिवे पेटले. त्याने आपलाही ब्रेक दाबला. ती आणखी मंदावली, तो आणखी मंदावला. कॉम्प्युटरच्या सगळ्या गाड्या भर्रकन पुढे निघून गेल्या, आणि शर्यतीच्या रेषेच्या अलीकडे, भर रस्त्यात, बहीणभावाच्या दोन गाड्या उभ्या राहिल्या.

"का थांबलास?" हेडफोनमधून आवाज आला.

"तू का थांबलीस?"

ताईने ब्रेक सोडला नाही; लाल दिवे तसेच पेटलेले होते.

"कधी दिसलं तुला?"

"गेल्या रविवारी."

"तरी म्हणत होते, नको घेऊस ते कार्ड," ताई म्हणाली. मग तिचा आवाज एकदम उतरला. "तू फोन उचलत नव्हतास रे. पहिल्या रविवारी सहज हरले, तर अर्धा तास बोललास. मला वाटलं, हरलास तर पुन्हा गप्प होशील. मग मी रिस्क घेतलीच नाही."

भिंगवाल्याने चष्मा काढून पुसला. गरज नव्हती, पण पुसला.

"ताई, पुन्हा लाव. आणि हातचं राखायचं नाही."

"रडशील."

"बघू."

त्या शर्यतीत ताई त्याच्यापुढे अशी काही गेली की शेवटच्या वळणावर तिचे दिवे पेटले की नाही हे पाहायला ती दिसलीच नाही. रेषेपलीकडे जाऊन ती तब्बल एकवीस सेकंद त्याची वाट पाहत थांबली होती. तो पोहोचला. हेडफोनमध्ये ताई श्वाससुद्धा जपून घेत होती.

"हं," तो म्हणाला, "आता ऐक. मध्यंतरी दुकानात एक आजीबाई आल्या होत्या..."

त्या दिवशी बहीणभावाच्या गप्पा संपेपर्यंत बायकोला ओट्यावरचं जेवण दोनदा गरम करावं लागलं.