अर्ध्या दाढीचं मत

आमच्या राजधानीत ऑर्लीन स्ट्रिब्लिंगला कोण ओळखत नव्हतं? खोटं कशाला बोला, बरेच जण ओळखत नव्हते. पण ज्यांच्या दुकानात आरशाशेजारी केस कापण्याचा परवाना टांगलेला असे, त्या राज्यातल्या झाडून सगळ्या सलूनवाल्यांना तिची सही पाठ होती. ती केशकर्तन मंडळाची चिटणीस. कागदावर मंडळ म्हणजे पाच नामांकित सलूनवाले. ते अधूनमधून जमायचे, कॉफी प्यायचे, एकमेकांच्या कापलेल्या केसांना नावं ठेवायचे आणि घरी जायचे. उरलेलं मंडळ म्हणजे ऑर्लीन. परीक्षा तिने लावायच्या, तक्रारी तिने ऐकायच्या, आणि एका गिऱ्हाइकाचा वस्तरा न धुता दुसऱ्याच्या मानेवर फिरवणाऱ्याच्या दाराला कुलूपही तिनेच लावायचं.

एवढं करून तिला थकवा यायचा नाही. तिला थकवलं मावळतीने.

आमच्याकडे सरकारी मंडळं गवतासारखी उगवतात आणि गवतासारखीच मरत नाहीत. म्हणून विधिमंडळातल्या कोणा शहाण्याने कायदा केला, की प्रत्येक परवाना मंडळाच्या कपाळावर जन्मतःच मरणाची तारीख लिहायची. ती जवळ आली की मंडळाने समितीपुढे उभं राहायचं आणि आपण अजून का जगावं ते सांगायचं. पटलं तर आणखी सहा वर्षांचं आयुष्य. नाही पटलं तर कारभार आटोपला. ह्यालाच सगळे मावळती म्हणतात. दंतवैद्यांची मावळती होते, विहिरी खोदणाऱ्यांची होते, मढी सजवणाऱ्यांचीसुद्धा होते. फक्त दंतवैद्यांबरोबर तीन वकील येतात. सलूनवाल्यांबरोबर ऑर्लीन.

पहिल्या मावळतीला ती नवा कोरा निळा झगा घालून, बोलायचं सगळं पाठ करून गेली होती. त्या वर्षी तक्रारी फार आल्या होत्या. समिती म्हणाली, "एवढ्या तक्रारी? मग तुमचं मंडळ करतं काय?" ऑर्लीनने ते मनाला लावून घेतलं. सहा वर्षं गावोगाव फिरली, दुकानं तपासली, तक्रारी नावालाच उरल्या. दुसऱ्या मावळतीला समिती म्हणाली, "तक्रारीच नाहीत? मग मंडळ हवं कशाला?" त्या दिवशी तिच्यातलं काहीतरी खाली बसलं ते पुन्हा उठलं नाही.

आता ही चौथी. तिची धाकटी बहीण नदीन समुद्राकाठी एकटी राहायची. नवरा गेल्यापासून मागची खोली रिकामी होती. नदीन दर रविवारी चर्चहून आली की फोन करायची, "ताई, कधी येतेस?" आणि ऑर्लीन म्हणायची, "एवढी मावळती पार पडू दे. मंडळाला सहा वर्षं मिळाली की किल्ल्या देते नि येते. मरणाची तारीख लागलेलं मंडळ नव्या माणसाच्या गळ्यात घालून पळायचं बरं दिसत नाही गं." गावात काही लोक म्हणायचे, की तिला नदीनच्या हातच्या भेंडीच्या कालवणाची भीती वाटते म्हणून ती जात नाही. ते कालवण मी खाल्लंय. लोकांचंही अगदीच चुकत नव्हतं. पण ऑर्लीनला खरंच जायचं होतं. तिला फक्त एकदा, मागे वळून न बघता, दार ओढून घ्यायचं होतं.

समितीचा अध्यक्ष होता सिनेटर बोटराइट. डोकं असं, की त्यावर माशी बसली तर घसरावी. पंचविशीतच टक्कल पडलेलं. केशकर्तन मंडळाचं मरण-जगणं अशा माणसाच्या हाती! शिवाय आमच्या गावात अजूनही सांगतात, की तरुणपणी हा बोटराइट नदीनला चर्चच्या सहभोजनाला घेऊन गेला होता आणि नदीन परतली ती दुसऱ्याच कोणाच्या गाडीतून. ह्यात किती खरं ते देव जाणे आणि नदीन जाणे. दोघंही सांगत नाहीत.

मंडळाचा मुख्य हॉलिस प्रूएट, सत्तरीचा, हात अजून लोण्यासारखा. त्याने त्या वर्षी एक टूम काढली. "ऑर्लीनबाई, बोलून आजवर कोणाचं भलं झालंय? आपण विधानभवनात खालच्या दालनात खुर्च्या मांडू. आमदारांची फुकट दाढी, फुकट केस. गरम टॉवेल. मानेला वस्तरा लावलेला माणूस तुमच्या विरोधात मत देईल का?"

"तो मत द्यायला वर आला तर ना," ऑर्लीन म्हणाली. "हॉलिस, मत दुपारच्या जेवणानंतर आहे. त्याच्या आत सगळं आवरायचं. शब्द द्या."

"दिला."

"तुमचा नको. तुमच्या बायकोचा द्या."

हॉलिस हसला. बायकोचा शब्द मात्र दिला नाही.

त्या दिवशी सकाळी दालनात घुमटाखाली पाच खुर्च्या लागल्या. साबणाचा आणि तिळाच्या बिस्किटांचा वास वरच्या मजल्यापर्यंत. आमदारांची रांग लागली. फुकट म्हटल्यावर माणसाला दाढी वाढल्याची आठवण होतेच. ऑर्लीन दुखरे गुडघे सांभाळत वर समितीच्या खोलीत जाऊन बसली.

बोटराइटने चष्मा पुसला. "मिस स्ट्रिब्लिंग, पुन्हा तुम्ही?"

"पुन्हा मीच, सिनेटरसाहेब. दुसरं कोणी यायला तयारच होत नाही."

"सरळ विचारतो. हे मंडळ उद्या नाहीसं झालं तर कोणाचं नुकसान होईल?"

हा प्रश्न तिला झोपेत विचारला असता तरी तिने उत्तर दिलं असतं. एका गावात घाणेरड्या वस्तऱ्याने कितीजणांच्या मानेला फोड आले, एका म्हाताऱ्याचा कान कसा सडता सडता वाचला, सगळं तिने सांगितलं. पण सांगताना तिचा आवाज तिलाच जुन्या टेपसारखा ऐकू येत होता. समितीतले दोघं बिस्किटं खात होते. एकाने विचारलं, "कान नंतर नीट झाला ना?"

"झाला."

"मग?"

ह्या "मग"ला उत्तर नसतं. तिने आपले कागद आवरले.

समितीतले तीन जण आपल्या बाजूचे आहेत हे तिला ठाऊक होतं. तिघंही गावाकडचे, तिघांच्याही मतदारसंघात सलूनवाल्यांचं वजन. ऐकायचं ते ऐकून तिघं केव्हाच बाहेर सटकले होते. दुपारी येतील, असं तिला वाटलं. आणि मग दंतवैद्यांच्या वकिलाने येऊन सांगितलं, की त्यांचे डॉक्टर उशिरा पोहोचणार, त्यांचा विषय दुपारी घ्यावा. बोटराइट म्हणाला, "ठीक आहे. मग सलूनवाल्यांचं आत्ताच उरकून टाकू. पाच मिनिटांची सुट्टी, मग मतं."

ऑर्लीन उठली. त्या संगमरवरी जिन्याला एक कठडा आहे, तो थंडगार असतो. त्याला धरून ती खाली उतरली, एकेक पायरी, मनातल्या मनात हॉलिसच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

खाली तिघंही ओळीने खुर्च्यांत आडवे. पहिला गरम टॉवेलाखाली घोरत होता. दुसऱ्याच्या तोंडाला नाकापर्यंत फेस. तिसरा आमदार लवेट क्रेन, त्याचा डावा गाल चकचकीत आणि उजवा तसाच खरबरीत, आणि त्याच्यावर खुद्द हॉलिसचा वस्तरा.

"हॉलिस! मत आत्ता आहे! सोडा ह्यांना!"

हॉलिसने वस्तरा उचलला, पण मागे सरकला नाही. "आत्ता? ऑर्लीनबाई, उजवा गाल बाकी आहे."

"असू दे बाकी!"

"असं कसं असू दे? चाळीस वर्षांत माझ्या खुर्चीतून एक माणूस अर्धा उठलेला नाही. लोक काय म्हणतील? प्रूएटने अर्धी दाढी करून सोडला?"

"लोक म्हणतील, प्रूएटने आपलं मंडळ बुडवलं!"

फेसातला आमदार ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला, "दोन मिनिटं द्या ना."

"दोन मिनिटांत वर खेळ खलास होईल."

बाकीचे सलूनवाले जागच्या जागी उभे. इथेच माणसाचा धंदा कळतो. आगीत उडी घालायला सांगितलं असतं तर त्यांनी घातली असती. पण अर्धा केलेला माणूस खुर्चीतून उठवायचा? त्यांचे हातच चालेनात. टॉवेलाखालच्याला जागं करायचं धाडस कोणाला होईना, कारण गरम टॉवेल मध्येच काढला की चेहऱ्यावर लाल चट्टे उठतात, म्हणे. आणि फेसातला स्वतःच उठायला तयार नव्हता. बाहेर वर्तमानपत्राचा फोटोवाला उभा होता आणि निवडणूक तोंडावर होती.

उठला तो लवेट क्रेन. त्याने गळ्यातली चादर ओरबाडून काढली आणि म्हणाला, "चला बाई. माझ्या आईने मला ह्यापेक्षा वाईट अवस्थेत चर्चला नेलंय."

दोघं वर पोहोचले तेव्हा मतं चालू होती. क्रेन आत शिरला तशी खोली हसून लोटपोट. डाव्या बाजूने बँकेचा मॅनेजर, उजव्या बाजूने तुरुंगातून पळालेला. कानावर साबणाचा ठिपका. बोटराइटने टकलावरून हात फिरवला.

"आमदार क्रेन, आपलं मत?"

"मंडळ राहावं," क्रेन म्हणाला. "निदान ही बाजू पूर्ण होईपर्यंत तरी."

बिस्किटं खाणाऱ्यांपैकी एकाने आधीच मंडळाच्या बाजूने मत दिलं होतं, म्हणून मतं दोन-दोन अशी समसमान झाली. खालचे दोघं आले असते तर सहा वर्षं खिशात होती. पण ते आले नाहीत. एक झोपला होता आणि दुसऱ्याची दाढी अखेर सुरेख झाली. बोटराइटने समोरचे कागद सारखे केले. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्यालाही दिवसभर हेच करायचं होतं. शेवटी म्हणाला, "बरोबरी झाली, म्हणजे निर्णय माझ्याकडे आला. मंडळाला सहा वर्षं देता येत नाहीत. मारवतही नाही. एक वर्ष देतो. पुढच्या वसंतात पुन्हा भेटू, मिस स्ट्रिब्लिंग."

खाली बातमी गेली तशी सलूनवाल्यांनी टॉवेल हवेत उडवले. हॉलिसने ऑर्लीनला मिठी मारली. "वाचलो! बघा, तुम्ही उगाच घाबरता!"

एक वर्ष. म्हणजे पुन्हा तोच झगा, तोच जिना, तोच कान. ती त्या मिठीतून सुटली. दालनाच्या कोपऱ्यात सार्वजनिक फोन होता, तिथे गेली.

"नदीन? मीच."

"काय केलं गं त्या टकल्याने?"

"एक वर्ष दिलं."

पलीकडे भेंडी चिरल्याचा खटखट आवाज. मागे कुठेतरी पंख्याची घरघर. मग नदीन म्हणाली, "म्हणजे पुढच्या वर्षी परत. आणि पुढच्या वर्षी परत एक वर्ष दिलं तर?"

"तसं नाही देणार."

"ताई, तू मला खुळी समजतेस का? ती मंडळी तुला सोडायलाच बसलेली नाहीत. त्यांचं कामच ते आहे. तू थांबलीयस ते मंडळ पक्कं होईल म्हणून. ते कधी पक्कं होणार? पक्कं होऊ नये म्हणूनच तो कायदा केलाय ना?"

इतक्या वर्षांत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मावळतीचा कायदा तिला कलमासकट पाठ होता, आणि हे मात्र भेंडी चिरणाऱ्या बहिणीने सांगावं! ती रिसीव्हर धरून उभी राहिली. राग यायला हवा होता, पण रागालासुद्धा थोडं बळ लागतं.

"खोलीत काय काय ठेवलंयस?" तिने विचारलं.

"शिवणयंत्र. आणि आमच्या ह्यांच्या जुन्या बंदुका."

"शिवणयंत्र राहू दे. बंदुका काढ."

फोन ठेवून ती परत आली तेव्हा हॉलिस लवेट क्रेनचा उजवा गाल पुरा करत होता. ऑर्लीन शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली, बूट काढले आणि पाय लोखंडी पट्टीवर टेकले.

"हॉलिस, जून संपला की मी जाते."

वस्तरा थांबला. "जाते म्हणजे?"

"बहिणीकडे. कायमची."

"आणि पुढच्या वर्षी समितीपुढे कोण उभं राहणार?"

"तुम्ही."

"मी?" हॉलिसचा चेहरा क्रेनच्या साबणापेक्षा पांढरा झाला. "मला तिथे बोलता येतं का! ते काय विचारतात तेही मला ठाऊक नाही."

"मी सांगून जाईन. एकच प्रश्न आहे, दरवेळी तोच."

"आणि उत्तर?"

ऑर्लीनने डोळे मिटले. "ते मला नाही सापडलं. तुम्ही शोधा. वर्ष आहे तुमच्याकडे."

"अहो, पण—"

"प्रूएट," क्रेन खुर्चीतून म्हणाला, "आधी गाल."

हॉलिसने वस्तरा पुन्हा टेकवला. गाल संपवून त्याने मान वर केली तेव्हा शेजारच्या खुर्चीत ऑर्लीन गाढ झोपली होती. तिला उठवायला तिथला एकही सलूनवाला धजला नाही. कोणीतरी तिच्यावर स्वच्छ चादर घातली आणि सगळे दबक्या पावलांनी सामान आवरू लागले.