ओल्या गोणपाटातली डबी

माझी पुतणी कीर्ती पीएच.डी. करते म्हणजे नक्की काय करते, हे तिच्या बापाला विचारा. माकुणसारच्या पानवेलीच्या वाडीतून मान वर न करता तो सांगेल, "उन्हाला मोजपट्टी लावते." मी निवृत्त शिक्षक, मला सगळं कळतं असा माझा समज. पण बोईसरच्या पत्र्याच्या खोल्यांत तिला स्कूटरवरून नेता-आणता मलाही घाम फुटला, ज्ञानाचा कमी आणि उन्हाचा जास्त.

विषय साधा होता. वाढत्या शहरात ऊन सगळ्यांना सारखं लागत नाही. कुठे किती तापतं ते कळलं, तर आधी कुठे काय करायचं ते ठरवता येतं. म्हणून कीर्तीने बारा गल्ल्यांत, गल्लीतल्या एकेका खोलीत, तापमान टिपणारी डबी खिळ्याला टांगली. सर्वांत तापणाऱ्या पाच गल्ल्यांच्या छपरांना मे संपायच्या आत पांढरा रंग लावू, असा शब्द एका समितीने दिला होता.

बाराव्या गल्लीत लाडकीचं घर. मूळची जव्हारकडची, बरीच वर्षं केळव्याच्या वाड्यांत विड्याची पानं खुडली, आता मुलाला कारखान्यात काम मिळालं म्हणून इथे. सून दीपिका सहा महिन्यांची गरोदर. डबी टांगायला गेलो तेव्हा ती जमिनीवर नुसती तळमळत होती, डोळ्याला डोळा नाही. ही गल्ली यादीत यायलाच हवी, हे कीर्तीने पुढे मला दहादा ऐकवलं.

चाळीस दिवस आम्ही तिकडे फिरकलो नाही. समितीच्या बैठकीला तीन दिवस उरले तेव्हा आकडे काढायला घेतले. अकरा घरं चाळिशीच्या आसपास. बारावं लाडकीचं, तिथे गेलो तर खिळा रिकामा.

"मावशी, डबी कुठाय?"

लाडकीने मोठ्या अभिमानाने माठामागचं ओलं गोणपाट उघडलं. आत केळीच्या पानात गुंडाळलेली डबी, खुडलेली पानं ठेवतात अगदी तशी. आकडा अठ्ठावीस!

"तूच सांगला व्हता ना बाय, ऊन लागू देव नको, जप. दिसातून चार येला पानी मारतंय."

मला हसू आलं होतं, ते कीर्तीचा चेहरा पाहून गिळलं. ऊन थेट लागू देऊ नका, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण केळव्याच्या वाडीत हात घडलेल्या बाईला 'जप' म्हटलं की ती काय करील, हे पानवेलीच्या घरातल्या पोरीला कळायला नको होतं?

"गोणपाट कुठून आणलंत?" कीर्तीने विचारलं.

"घरातलाच. आदी दीपिकाच्या अंगाखाली भिजवून घालायचो."

कीर्तीने तिथूनच पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना फोन लावला.

ते म्हणाले, "ते घर वगळ. एका घरावाचून प्रबंध अडत नाही." प्रबंध अडणार नव्हताच, गल्ली अडणार होती. शेजारच्या गल्लीचे आकडे चिकटवून दे, असं मीच सुचवलं. सांगायला लाज वाटते. ती म्हणाली, "काका, तुम्ही वर्गात कॉपी करू दिली असतीत?"

डबी पुन्हा खिळ्यावर गेली. दोनच दिवस मिळाले : त्रेचाळीस, चव्वेचाळीस. बैठकीत कीर्तीने तेवढेच मांडले आणि चूकही जशीच्या तशी सांगितली. कोणीतरी फिदीफिदी हसलं. एरवी हळू बोलणारी आमची पोर तडकली.

"हसू नका, साहेब. ते ओलं गोणपाट गरोदर बाईच्या अंगाखाली होतं. मी जपा म्हटलं म्हणून त्यांनी ते काढून माझ्या डबीला घातलं. चूक माझी आहे. शिक्षा त्यांना देऊ नका."

दोन दिवसांचे आकडे पुरेसे नाहीत, हे अध्यक्षांचं म्हणणं बरोबरच होतं. पण त्यांनी आठवडाभर आपला माणूस पाठवून भर दुपारी ती खोली मोजून घेतली, आणि पाचव्या क्रमांकावर लाडकीची गल्ली लिहिली.

रंग लागल्यावर चौथ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. लाडकी दारातच बसली होती.

"डबी गार झाली का गं?" तिने विचारलं.

"डबीचं राहू दे, मावशी. दीपिका कशी आहे?"

लाडकीने ओठांवर बोट ठेवलं. "हलू बोल, बाय. निजली हाय."