राजांची अदलाबदल

महापालिकेच्या शाळेत मी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. आठवीच्या वर्गाला मी एक गोष्ट पुस्तकाबाहेरची सांगायचे. सत्तावन्नच्या बंडानंतर इंग्रजांनी दिल्लीचा बादशहा उचलला आणि ब्रह्मदेशात, रंगूनला नेऊन ठेवला. पुढे उरलासुरला ब्रह्मदेश घेतला तेव्हा तिथला राजा उचलला आणि आपल्या रत्नागिरीत आणून ठेवला. दोघंही परक्या मुलखातच मेले. 'राजांची अदलाबदल' असं मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे. एकदा एका मुलीने हात वर करून विचारलं, "बाई, मग दोघांना आपापल्या घरी पाठवून द्यायचं ना!" वर्ग हसला. मीही हसले, आणि पुढच्या धड्याकडे वळले.

आमची कॉलनी लेण्यांच्या डोंगराच्या बाजूला आहे. विहाराला लागून एक खोली आहे. तीन वर्षांपूर्वी वर्षावासाच्या, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या, तोंडावर तिथे ब्रह्मदेशातले एक भंते राहायला आले. वय तिशीचं, चेहरा त्याहून कोवळा. पहिल्याच वंदनेला फजिती झाली. आपण म्हणतो 'बुद्धं सरणं गच्छामि', ते म्हणाले 'बोद्दं थरनं गिस्सामि'. बायकांनी तोंडाला पदर लावले. शेवटी आम्ही, 'छान झालं' अशा अर्थाने, 'साधु, साधु, साधु' म्हटलं, आणि भंते डोळे मिटून म्हणाले, "थादू, थादू, थादू." झालं, पोरांनी त्यांचं नावच 'थादू भंते' पाडलं. माझा मुलगा तर घरी जेवताना बोट वर करून म्हणायचा, "मम्मी, आजचं वांगं एकदम थादू!"

मला चुकीचं ऐकवत नाही. जातिवंत मास्तरीण आहे मी. एक दिवस मी विहारात खडू घेऊन गेले आणि फळ्यावर 'सरणं' लिहून त्यातला 'स' त्यांच्याकडून घोटून घ्यायला लागले. त्यांनी दहा मिनिटं ऐकून घेतलं. मग मोडक्या हिंदीत म्हणाले, "सयामा, आमच्या गावात हजार वर्षं असंच म्हणतात. तुमच्या घरात किती वर्षं म्हणतात?"

आमच्या घरात ते माझ्या वडिलांपासून सुरू झालं. मी खडू खाली ठेवला.

'सयामा' म्हणजे त्यांच्या भाषेत शिकवणारी बाई. त्या दिवसापासून मी त्यांना मराठी शिकवायला लागले, आणि दर मंगळवारी भोजनदान माझ्याकडे आलं. भंते दुपारी बारानंतर जेवत नाहीत, म्हणून मी दहालाच भाकऱ्या थापायचे. सुक्या बोंबलाची चटणी त्यांनी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं तिखट झाली. ते म्हणाले, आईच्या घरासारखा वास आहे. एकदा त्यांनी आम्हाला त्यांच्याकडचा पदार्थ करून घातला. आंबवलेली चहाची पानं, त्यात शेंगदाणे, लसूण, तीळ. निफाडकडची आमची शेजारीण घास तोंडात धरून माझ्या कानात म्हणाली, "बाई, चहाचा चोथा हाय हा! गिळू का थुकू?" गिळला बिचारीने.

मी त्यांना राजांची गोष्ट सांगितली. ती त्यांना माहीत होती. मग त्यांनी मला माहीत नसलेली सांगितली, खाली बघत. त्यांच्या गावांवर गोळ्या झाडायला इंग्रज आपलेच शिपाई न्यायचे. आपलेच सावकार, आपलेच कारकून त्यांच्या मागून गेले. आपल्या लोकांसाठी तिकडे एक शब्द आहे, तो चांगला नाही. बत्तीस वर्षं शिकवूनही हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. ब्रह्मदेश म्हणजे माझ्या डोक्यात सोन्याचे पॅगोडे, धम्म जपून ठेवलेला देश. आमच्या हॉलमध्ये तसं कॅलेंडरही होतं.

तिकडे लष्कराने सत्ता घेतली तेव्हा भंते मोर्चात पुढे होते. "माझं नाव त्यांच्या यादीत आहे. आई आहे, गावात. मी गेलो तर तिलाही त्रास." एवढंच ते बोलले. वहीत ते दोन्ही भाषांत लिहायचे. त्यांची अक्षरं गोल गोल, एकमेकांत अडकलेली. माझा मुलगा म्हणायचा, "भंतेंनी जिलब्या तळल्यात."

मराठीत एक गोष्ट मी त्यांच्याकडून शंभर वेळा घोटून घेतली. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. त्यांना ते पटायचं नाही. "पण मी जातो आहे, सयामा." मी म्हणायचे, "असू द्या. म्हणायचं 'येतो'."

मग माझ्या मुलाची अंबडच्या कारखान्यातली नोकरी गेली. आठ महिने घरी. वडील नाहीत, आईच्या पेन्शनीवर बसायचं, त्याला ते लागत होतं. एका एजंटाने बँकॉकचं काम आणलं, कॉम्प्युटरवर बसून ग्राहकांशी बोलायचं. मी कॉलनीभर पेढे वाटले. पेढ्यांच्या दुकानासमोरून मी अजून जात नाही.

तो उतरला त्या दिवशी दुपारी मेसेज आला. 'मम्मी, एअरपोर्टवरून गाडीत बसवलंय. सात तास झाले. आता होडीने नदी ओलांडतोय. बँकॉक नाही हे. इथल्या बोर्डांवर भंतेंच्या जिलब्या आहेत.'

त्यानंतर एकोणीस दिवस काही नाही.

भीती म्हणजे काय हे मी तेव्हा शिकले. फोन मी न्हाणीघरातही नेत होते, बादलीशेजारी स्टुलावर ठेवत होते. चार्जिंग शंभर टक्के असलं तरी वायर काढवत नव्हती. तक्रार द्यायला गेले तर लिहून घेणारा तरुण हवालदार चांगला होता, पण त्याने विचारलं, "म्यानमार नेमकं कुठं आलं, मॅडम?" मी म्हटलं, "ब्रह्मदेश." तो म्हणाला, "तो तर इतिहासात होता ना?"

विसाव्या दिवशी फोन आला. आवाज माझ्याच मुलाचा, पण तो माझ्याशी हिंदीत बोलत होता. जन्मात कधी बोलला नव्हता. "मैं ठीक हूँ मम्मी, खाना मिलता है, टेन्शन मत लो." मागे कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. तेव्हा मला कळलं, ऐकणाऱ्याला समजावं म्हणून त्याला हिंदीत बोलायला लावलंय. मी मराठीत विचारलं, "मारतात का रे?" तो म्हणाला, "हाँ, बारिश यहाँ भी है." फोन बंद झाला. इथे तर जानेवारी चालला होता.

पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी असे दोन-दोन मिनिटांचे फोन. तारेच्या कुंपणातल्या इमारती आहेत, पोरांना बसवून लोकांना फसवायला लावतात, नाही जमलं तर विजेचा झटका देतात, हे मला बातम्यांतून कळत होतं. मी अर्ज केले, खासदारांच्या ऑफिसात बसले, दिल्लीला मेल पाठवले. सगळे म्हणायचे, प्रयत्न चालू आहेत. मी ज्याला त्याला एकच प्रश्न विचारत होते. माझा मुलगा कुठे आहे?

एका मंगळवारी भंते भोजनाला आले. मी सकाळपासून उभीच होते. ताट वाढलं. त्यांनी मोबाइलवर आलेला आईचा फोटो मला दाखवला, गालांना त्यांच्याकडचा तो पिवळा लेप लावलेली म्हातारी, हसणारी. आणि माझं डोकं फिरलं.

"तुमच्या देशाने माझं लेकरू गिळलं," मी ओरडले. "आणि तुम्ही इथे आमच्या हातचं खाता! तुमची आई हसतेय! तुम्ही जा ना तिकडे. तुम्ही जा, आणि त्याला पाठवा इकडे!"

शेजारीण धावत आली. "अवो बाई, त्यांचा काय दोष हाय त्यात?" भंतेंनी हातातला घास ताटात ठेवला. बारा वाजायला वीस मिनिटं होती. ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या फाटकापाशी उभे. खांद्याला झोळी, हातात एक छोटी बॅग. शांतपणे त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. नदीच्या अलीकडे, थायलंडच्या बाजूला, त्यांच्या लोकांचे विहार आहेत. पलीकडून माणसं येत-जात असतात. तिथे जाऊन विचारतो, कुंपणात भाजी-तांदूळ पोचवणारे कुणीतरी भेटतील. मी नदी ओलांडणार नाही. तुमचा नंबर मी आईला दिला आहे.

मला 'नको' म्हणायचं होतं. खरंच सांगते, शब्द जिभेवर होता. रागाच्या भरात बोलले, माफ करा, आत या, चहा घ्या, एवढं म्हटलं असतं तरी ते थांबले असते. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "त्याचा फोटो देऊ?"

मी आत जाऊन पासपोर्टच्या अर्जासाठी काढलेला फोटो आणला. भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी फडक्यात बांधून दिली. त्यांनी फोटो चीवराच्या घडीत ठेवला.

"सयामा, जातो," ते म्हणाले.

ज्या बाईने आयुष्यात कुणाची चूक सोडली नाही, तिने ती सोडली. मला वाटलं, हटकलं तर थांबतील.

पहिले दहा-बारा दिवस निरोप येत होते. पोचलो. विचारतो आहे. एका ड्रायव्हरने फोटो पाहिला, नक्की सांगत नाही. मी प्रत्येक निरोपावर लिहायचे, 'अजून विचारा'. मग एक आवाजी मेसेज आला. "सयामा, पलीकडचे एक भंते भेटले, ओळखीचे. त्यांच्याबरोबर उद्या जातो. दोन दिवस फोन बंद." त्यावर मी लिहिलं, 'काळजी घ्या.' 'जाऊ नका' हे लिहायलाही तितकीच अक्षरं लागली असती.

ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत.

सात आठवड्यांनी माझा मुलगा परत आला. तिकडच्या कुठल्याशा फौजेने इमारतींवर छापे घातले, शेकडो पोरांना नदीपार हाकललं, सरकारने विमान पाठवलं. नाशिकरोडला तो उतरला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही, त्याने मला ओळखलं. घरी आल्यावर, तो पाणी प्यायल्यावर, मी विचारलं, "भंते भेटले का रे?"

"कोणते भंते?" तो म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं. कुणी फोटो घेऊन त्याला शोधत आलं नव्हतं. त्याची सुटका भंतेंमुळे झाली नव्हती. ते गेले नसते तरी तो आलाच असता, त्याच विमानाने. हे मी त्याला अजून नीट सांगितलेलं नाही. तो फोन वाजला की दचकतो. मीही दचकते, पण माझं दचकणं वेगळं आहे.

तो परत आला म्हणून कॉलनीने खीरदान केलं. विहाराच्या खोलीला कुलूप आहे. समितीचे लोक मला विचारतात, "बाई, भंते तुम्हाला सांगून गेले होते ना?" मी म्हणते, हो, सांगून गेले. कोणी पाठवलं ते शेजारणीला माहीत आहे. तिने आजवर तोंडातून अक्षर काढलेलं नाही, पण मंगळवारी दहाला ती माझ्याकडे बघायचं टाळते. समितीने भंतेंच्या तिकडच्या विहाराला पत्र लिहिलं, मी पुन्हा अर्ज करायला लागले. या वेळी अर्जात 'नातं' या रकान्यापुढे काय लिहावं ते मला सुचत नाही.

गेल्या महिन्यात दुपारी मी मटार सोलत होते. मुलगा पलंगावर पडून होता. फोन वाजला. परदेशी नंबर, व्हिडिओ कॉल. वाटलं, भंते! मी बटण दाबलं.

पडद्यावर म्हातारी होती. गालांवर पिवळा लेप. "सयामा?" ती म्हणाली.

पुढचं सगळं त्यांच्या भाषेत. ती भाषा कानावर पडताच माझा मुलगा ताडकन उठून भिंतीला टेकला. मला एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. तिने भंतेंचा एक फोटो वर धरला आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाली. मी चार महिने दारोदार जे विचारत फिरले, तेच ती विचारत होती.

मला तिच्या भाषेतले दोनच शब्द येतात. एक मला मारलेली हाक आणि दुसरा 'छान झालं' अशा अर्थाचा. मी मान हलवत राहिले.

तेवढ्यात तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. तिने डोळे बारीक केले. मग एक बोट पडद्याला लावून तिने माझ्या मुलाकडे दाखवलं. भंतेंनी मी दिलेला फोटो तिलाही पाठवला असणार. तिने त्याला ओळखलं. तिचं तोंड आनंदाने उघडलं, तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि म्हणाली, "थादू. थादू. थादू."

मग तिने आपल्या मुलाचा फोटो पुन्हा वर धरला, आणि थांबून राहिली.